साक्षगंध ते लग्न: या चुका टाळा

आपल्याकडे बरीच साक्षगंधं दिवाळीनंतर उरकतात आणि लग्न धरतात एप्रिल-मेमध्ये, पेरणीच्या आधी. मधले महिने पोरगा-पोरगी रोज रात्री फोनवर असतात. तरी लग्न तोंडावर आलं की मध्यस्थाच्या ओसरीवर दोन्हीकडचे पाव्हणे तोंड पाडून बसलेले दिसतात. जेवली का, भाजी काय होती, यात रात्र जाते आणि कामाचं बोलणं राहून जातं.

तिसऱ्याच्या हाती निरोप

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मुलगी वहिनीला सहज म्हणते, "लग्नानंतर पोलीस भरतीचा फॉर्म भरू देतील का?" वहिनी मावशीला सांगते, मावशी मध्यस्थाला. मुलाच्या अंगणात पोचेपर्यंत त्याचं होतं, "पोरीचं मन नाही म्हणते, तिले नोकरीच करा लागते." तिकडचं उत्तर येतं मामाच्या तोंडून, आणि मामा आधीच मानपानावरून फुगलेला.

हा प्रश्न थेट मुलालाच विचारा: "मला भरतीची तयारी सुरू ठेवायची आहे. तुम्हाला चालेल का? आणि घरी चालेल का?" दोन्ही वेगवेगळं विचारा. "मले चालते" म्हणणाऱ्याने घरी विषय काढलेलाच नसतो, असं फार वेळा होतं. "पाहू" म्हणाला तर आठवड्याने पुन्हा विचारा. मुलानेही वेगळं राहणं, आईचं दुखणं, बहिणीचं लग्न हे आधीच सांगून टाकावं.

फोन उचलला नाही म्हणजे मन बदललं

हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन (वीज) असली की पोरगा वावरात असतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हाताने स्प्रिंकलरचे पाईप बदलणं चाललेलं, मोबाईल धुऱ्यावरच्या पिशवीत आणि रेंज नाहीच. इकडे ती दहा वेळा 'लास्ट सीन' पाहते, शेवटी "ठीक आहे" लिहून फोन बंद करते. सकाळी तो ते "ठीक आहे" वाचतो आणि खुश होतो! "या आठवड्यात रात्रीची लाईन आहे" एवढं आधी कळवलं की अर्धी भांडणं मिटतात. रुसवा मेसेजवर काढू नका, फोन करा. आणि स्क्रीनशॉट मामेबहिणीला पाठवू नका, तो गावभर जातो.

पैशाचं मोघम

मध्यस्थ म्हणतो, "पोरगा कंपनीत आहे, पाच एकर वावर आहे." कंपनीत कायम की ठेकेदाराकडे? सातबारा कोणाच्या नावावर? पीक कर्ज थकलं आहे का? हे विचारण्यात लाज कसली? लपवलेलं कर्ज लग्नानंतर बँकेच्या नोटिशीतून कळतं तेव्हा रक्कम बाजूला राहते, विश्वासच जातो. मात्र "हुंडा नको, फक्त गाडी द्या" असा निरोप आला तर त्यात गैरसमज शोधत बसू नका. 1961 च्या कायद्याने हुंडा मागणं, देणं आणि घेणं तिन्ही गुन्हे आहेत.

पत्रिका पाहिली, रक्त नाही

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा भागात सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार घरोघरी माहीत आहे, तरी तपासणीचा विषय कोणी काढत नाही. वाहकाला, म्हणजे ज्याला हा दोष आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच आला त्याला, बहुधा काही त्रास नसतो, म्हणून कळतही नाही. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून दोघांनीही तपासून घ्या. साक्षगंधाआधी झालं तर उत्तम, नंतर झालं तरी चालेल. दोघंही वाहक निघाले तर आधी डॉक्टरांशी बोला, मग दोघांनी मिळून ठरवा. रिपोर्ट गावात फिरवू नका.

भीती आणि शंका एकच धरणं

माहेर सुटणार म्हणून छातीत धडधडणं साहजिक आहे, बोललं की ते कमी होतं. पण तो मैत्रिणींशी बोलू देत नाही, फोनचा पासवर्ड मागतो, दारू पिऊन शिव्या देतो, किंवा ती दर वेळी "घरच्यांनी ठरवलं म्हणून" एवढंच म्हणते, तर ते लग्नानंतर सुधारेल या भरवशावर राहू नका. पत्रिका छापायच्या आणि मंगल कार्यालयाचा विसार द्यायच्या आत घरी स्पष्ट कारण सांगा. लोक महिनाभर बोलतील, मग सोयाबीनच्या भावावर येतील. मोडायचंच ठरलं तर अंगठी, साड्या, दागिने दोन्हीकडच्या मोठ्यांसमोर परत करा आणि यादीवर सही घ्या.