कॉलेज अ‍ॅडमिशन: घरात कोणी काय करायचं

अ‍ॅडमिशनच्या सीझनला बऱ्याच घरांत आईबाबाच सगळे फॉर्म भरतात आणि पोरगं फक्त ओटीपी सांगायला उरतं, नाहीतर सगळं त्याच्यावर सोडून शेवटच्या रात्री अकरा वाजता "अरे तो दाखला कुठंय" म्हणत कपाटं उपसली जातात. माझं सरळ म्हणणं आहे की आधीच वाटणी करा. तारखा, कागद, पैसे मोठ्यांकडे. कोर्स निवडणं आणि स्वतःबद्दल लिहिणं मुलाकडे.

तारखांसाठी एक शीट करा, वही पण चालेल. प्रत्येक कॉलेजपुढे फॉर्मची तारीख, फीची तारीख, लॉगिन, आणि परदेशातलं असेल तर तारीख कुठल्या देशाच्या घड्याळाने धरायची तेही लिहा. एकाच पोर्टलवर सगळ्यांची तारीख एकच असेल असं धरून चालू नका. ब्रिटनमधे युकासवर (तिथल्या युनिव्हर्सिट्यांना अर्ज करायचं एकत्र पोर्टल) बहुतेक कोर्सेसची तारीख जानेवारीत असते पण ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक मेडिकल कोर्सेसची 15 ऑक्टोबर (आणि ऑक्सफर्ड, केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अप्लाय करता येत नाही बरं का). ईमेल आयडी अ‍ॅडमिशनसाठी वेगळा काढा, स्पॅम रोज बघा.

कागदांमधे सगळ्यात जास्त डोकं खातं ते नावाचं स्पेलिंग. मार्कशीटवर एक, पासपोर्टवर दुसरं असेल तर आत्ताच दुरुस्तीला टाका, कारण ते काम ऐनवेळी होत नाही. शिफारसपत्र लागणार असेल तर शिक्षकांना महिनाभर आधी विचारा, त्यांच्याकडे वर्गातले अर्धे जण त्याच आठवड्यात येणार असतात.

आता पैसे. यावर घरात मोकळं बोलणं होतच नाही आणि मग ऑफर आल्यावर रडारड होते. कॉलेजांची लिस्ट बनवायच्या आधीच मुलाला आकडा सांगा, वर्षाला इतकं जमेल, लोन काढलं तर इतकं. वेबसाइटवरची ट्यूशन फी म्हणजे पूर्ण खर्च नाही, हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, पुस्तकं, येणंजाणं सगळं धरा. अमेरिकेत उलटही होतं, छापील फी बघून घाबरायला होतं पण कॉलेजची आर्थिक मदत वजा जाऊन प्रत्यक्ष भरायची रक्कम बरीच कमी असू शकते, तिथल्या बहुतेक कॉलेजांच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो तो आधी चालवून बघा. स्कॉलरशिपचं पत्र आलं की तीन गोष्टी शोधा: यातलं परत फेडायचं किती, एका वर्षाचं आहे की पूर्ण कोर्सचं, आणि चालू ठेवायला मार्क किती लागतात. "फायनान्शियल एड" या एका नावाखाली लोन पण घुसवलेलं असतं, नीट वाचा!

पसंतीक्रम भरताना लोकं उगाच हुशारी करतात. आयआयटी-एनआयटीच्या सीट ज्यातून वाटल्या जातात त्या जोसा काउन्सेलिंगसारख्या पद्धतीत खरोखर जे हवंय तेच वर टाकायचं, वरचं मिळालं नाही म्हणून खालच्याचा चान्स कमी होत नाही. सीट मिळाल्यावर फ्रीझ म्हणजे हीच पक्की, फ्लोट म्हणजे ही ठेवून वरच्या कुठल्याही पसंतीची वाट बघायची, स्लाइड म्हणजे त्याच कॉलेजात वरच्या पसंतीची ब्रांच मिळते का बघायचं. अमेरिकेतलं अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर अर्ज करून, मिळालं तर येणारच असं कबूल करायचं) मात्र बांधून टाकतं, मिळालं तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे, म्हणजे दुसरीकडची मदत किती येते हे ताडून बघायची संधी जाते. पैशाची तुलना करायचीच असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

निबंध मुलानेच लिहायचा. कॉमन अ‍ॅपचा (अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच फॉर्म) मुख्य निबंध 650 शब्दांपर्यंत असतो आणि त्यात पन्नाशीतल्या बाबांची भाषा लगेच कळते. तुम्ही शुद्धलेखन बघा, बास.

शेवटी एक जागा पक्की झाली की बाकीच्या रीतसर सोडा, पण त्याआधी रिफंडची शेवटची तारीख बघा आणि कॅन्सलेशनची पावती डाउनलोड करून ठेवा.