जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाच्या मेंदूची डॉप्लर सोनोग्राफी कशी करावी आणि कशी वाचावी

रक्तात जंतुसंसर्ग पसरलेल्या नवजात बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी पुढच्या टाळूतून, बाळाला जागेवरून न हलवता करता येते. प्रोब (यंत्राचा डोक्यावर टेकवायचा भाग) निर्जंतुक आणि जेल कोमट असावे, कारण गार जेलने कमी वजनाचे बाळ पटकन गारठते.

डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी पद्धत, सुरू करण्यापूर्वी कॉरोनल (एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाणाऱ्या उभ्या) आणि सॅजिटल (पुढून मागे जाणाऱ्या उभ्या) छेदांतील साधी चित्रे पूर्ण घ्यावीत. लहान मेंदू नीट पाहायचा असेल, तर कानामागील टाळूतूनही पाहावे. मेंदूज्वर झालेला असल्यास मेंदूच्या घड्यांमधील खाचा जाड आणि अधिक पांढऱ्या दिसतात. व्हेंट्रिकलचे (मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळीचे) अस्तर जाड व चमकदार दिसणे, आतल्या द्रवात गाळ तरंगणे किंवा पडदे तयार होणे ही व्हेंट्रिक्युलायटिसची, म्हणजे या पोकळ्यांच्या दाहाची, चिन्हे होत. मात्र सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून मेंदूज्वर नाही असे कधीही म्हणू नये. त्याचा निर्णय पाठीतील पाण्याच्या तपासणीवरच होतो.

त्यानंतर सॅजिटल मध्यछेदात, कॉर्पस कॅलोसमच्या (मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या पट्ट्याच्या) पुढच्या वळणापाशी, अँटिरिअर सेरेब्रल धमनी शोधावी. बाळ शांत असताना सलग काही समान लहरी मिळाल्या की सिस्टोलमधील (हृदय आकुंचन पावतानाच्या) सर्वाधिक वेगातून डायस्टोलच्या (हृदय सैलावतानाच्या) अखेरचा वेग वजा करून, आलेल्या उत्तराला सिस्टोलच्या वेगाने भागावे. हाच रेझिस्टिव्ह इंडेक्स, म्हणजे रक्तप्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचे माप. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळात तो साधारण ०.६५ ते ०.८० असतो, अपुऱ्या दिवसांच्या बाळात थोडा अधिक. हे गुणोत्तर असल्यामुळे किरणाच्या कोनाचा त्यावर परिणाम होत नाही. नुसता वेग नोंदवायचा असेल, तर मात्र कोन सांभाळावाच लागतो.

जंतुसंसर्गात सायटोकाइन (दाहाचे संदेश देणारी प्रथिने) आणि नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, मेंदूची रक्तप्रवाह स्थिर राखण्याची क्षमता ढासळू शकते, आणि त्यामुळे वेग वाढून इंडेक्स उतरलेला आढळू शकतो. याउलट मेंदूला सूज येऊन किंवा पाणी साचून कवटीतील दाब वाढला, तर इंडेक्स चढतो. दोन्ही गोष्टी एकाच बाळात एकत्र असू शकतात, आणि तेव्हा मधलाच आकडा येऊन तो फसवा ठरतो.

खरी चूक येथे हाताकडून होते. समजा सिस्टोलचा वेग सेकंदाला ४० सेंटिमीटर आणि डायस्टोलचा २० आहे, इंडेक्स ०.५० येतो. टाळूवर प्रोब जरासा दाबला गेला आणि डायस्टोलचा वेग १० वर आला, तर तोच इंडेक्स ०.७५ होतो, आणि आजारी बाळ कागदावर निरोगी ठरते. म्हणून प्रोब जेलच्या थरावर अलगद टेकवावा.

डक्टस (महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर बंद होणारी वाहिनी) उघडी असेल तर डायस्टोलमधील रक्त फुप्फुसांकडे वळून इंडेक्स वाढतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढल्यास तो घटतो. त्यामुळे त्या वेळचा रक्तदाब, रक्तवायूंचा अहवाल, डक्टसची स्थिती आणि चालू असलेली रक्तदाबाची औषधे आकड्याशेजारीच लिहावीत. माझ्या मते या चार नोंदींशिवाय दिलेला इंडेक्स उपचार करणाऱ्यांच्या उपयोगाचा नाही.

प्रकृती बदलली की तपासणी पुन्हा करावी. अपुऱ्या दिवसांच्या बाळात पांढऱ्या द्रव्याला (मेंदूतील मज्जातंतूंच्या भागाला) इजा झाली असल्यास तेथील पोकळ्या दिसायला बहुधा दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून पहिली सोनोग्राफी निर्दोष असली तरी पुढची तारीख अहवालातच नमूद करावी. मेंदूज्वर असल्यास डोक्याचा घेरही रोज मोजावा.