शाळेच्या वाचन-गणित चाचणीचा निकाल कसा वाचावा : शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी

चाचणीचा निकाल समितीच्या बैठकीत बहुधा एका आकड्यात उरकला जातो : तिसरीचे गणित इतके टक्के, भाषा इतके टक्के. शाळा नागपूर महानगरपालिकेची असो वा काटोल-उमरेडकडची जिल्हा परिषदेची, सदस्यांनी मुख्याध्यापकांकडे प्रश्ननिहाय गुणतक्ता आणि त्यासोबत काही उत्तरपत्रिका मागाव्यात. कारण मुलाचे नेमके कुठे अडते, हे टक्केवारीत नव्हे तर त्याने लिहिलेल्या चुकीच्या उत्तरात दिसते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने या समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, तेव्हा अशी मागणी करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

निकाल कोणत्या चाचणीचा आहे, हे आधी विचारावे. वर्षारंभीची पायाभूत चाचणी आणि नंतरच्या संकलित मूल्यमापन चाचण्या आपल्याच शाळेतील मुलांच्या असतात. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी व नववीसाठी झालेले ‘परख’ हे देशव्यापी शैक्षणिक सर्वेक्षण मात्र निवडक शाळांतील निवडक मुलांचे होते; त्यावरून जिल्ह्याचा अंदाज येतो, आपल्या शाळेचा नाही. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा ‘असर’ हा घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल तर ग्रामीण भागापुरताच असतो, त्यामुळे नागपूर शहरातल्या इंदोऱ्यातील किंवा महालातील शाळेने स्वतःला त्या आकड्यांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित राज्याच्या मागून उघडतात, म्हणून पायाभूत चाचणीत दिसणारी काही घसरण ही लांबलेल्या सुट्टीत पडलेल्या विसराची असू शकते.

वर्गात २० मुले असतील, तर एक मूल म्हणजे ५ टक्के. दोन मुले गैरहजर राहिली की सरासरी हलते, आणि अनेकदा ती वाढते, कारण कच्ची मुलेच चाचणीच्या दिवशी येत नाहीत. म्हणून टक्केवारी हजेरीवर काढली आहे की पटावर, हे स्पष्ट करून घ्यावे. यंदाच्या तिसरीची तुलना गेल्या वर्षीच्या तिसरीशी करण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा हीच मुले दुसरीत असताना कुठे होती, ते पाहावे.

आता उत्तरपत्रिकांकडे वळावे; खरा वेळ इथेच द्यायचा आहे. ५२ − २७ या वजाबाकीचे उत्तर एका मुलाने ३५ लिहिले आणि दुसऱ्याने २६ लिहिले, तर गुण दोघांनाही शून्यच मिळतात. परंतु पहिल्याने एककाच्या घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे, म्हणजे त्याला दशक सुट्टा करणेच समजलेले नाही, तर दुसऱ्याची रीत बहुधा बरोबर असून मोजताना फक्त १ ने चूक झाली आहे. पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून दाखवावे लागतील. दुसऱ्याला थोडा सराव पुरेल. दोघांना एकत्र बसवून पन्नास वजाबाक्या लिहून घेणे म्हणजे पहिल्याची चूक पक्की करणे होय.

हेच उदाहरण शब्दांत द्यावे : कळमना बाजारात संत्र्यांच्या ५२ पेट्या आल्या, त्यांतील २७ विकल्या गेल्या, तर किती उरल्या? नुसती वजाबाकी जमणारे मूल इथे अडले, तर शिक्षकांनी तेच उदाहरण मोठ्याने वाचून दाखवावे. ऐकल्यावर उत्तर बरोबर आले, तर अडचण गणिताची नसून वाचनाची आहे. ऐकूनही मुलाने ७९ सांगितले, तर त्याला प्रसंगच उमगलेला नाही. अशा वेळी ‘उरल्या म्हणजे वजाबाकी’ अशी युक्ती शिकवण्याचा मोह टाळावा आणि पेट्यांचे चित्र काढून घ्यावे. घरी हिंदी ऐकणाऱ्या नागपुरी मुलांची संख्यालेखनातील चूकही वेगळी मोजावी : ८९ साठी ‘नवासी’ ऐकत वाढलेले मूल ‘एकोणनव्वद’ ऐकून, त्यात ‘एक’ आणि ‘नव्वद’ ऐकू आल्याने, ९१ लिहिते, तेव्हा त्याला स्थानिक किंमत येत नाही असा निष्कर्ष काढू नये.

वाचनाच्या बाबतीत ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य ठेवले आहे. घड्याळ लावणे सोपे असल्याने शाळा ‘समजून’ हा भाग सोडून देतात. पडताळणीसाठी पाठ्यपुस्तकातील धडा घेऊ नये, तो अनेकांना तोंडपाठ असतो. अनोळखी, पाच-सहा वाक्यांचा उतारा द्यावा, जोडाक्षरांवर मूल थबकते का ते पाहावे आणि एक प्रश्न असा विचारावा की ज्याचे उत्तर उताऱ्यात जसेच्या तसे नाही.

यानंतर इयत्ता बाजूला ठेवून अडचणीनुसार गट करावेत आणि रोजच्या वेळापत्रकात त्यांची तासिका ठरवावी. सहा-आठ आठवड्यांनी त्याच प्रकारची, पण आकडे बदललेली उदाहरणे देऊन पुन्हा पाहावे. बैठकीत मुलांची नावे वाचू नयेत. गटांची संख्या सांगावी, आणि ज्याच्या-त्याच्या पालकांना उत्तरपत्रिका समोर ठेवून स्वतंत्रपणे समजावून द्यावे.