हिरवा झालेला स्विमिंग पूल पुन्हा निळा कसा करावा

घरचा पूल हिरवागार झाला की पहिला विचार येतो तो सगळं पाणी उपसून टाकण्याचा. तो विचार बाजूला ठेवा. पूल पूर्ण रिकामा केला आणि जमिनीत पाण्याची पातळी वर असली, तर खालून येणाऱ्या दाबाने पुलाची अख्खी टाकी उचलली जाऊ शकते. काँक्रीटला तडे जातात, व्हायनिलचं अस्तर आक्रसतं. शिवाय त्याची गरजही क्वचितच पडते. तळ दिसत नाही इतकं हिरवं झालेलं पाणीही क्लोरीन, फिल्टर आणि ब्रश यांच्या जोरावर स्वच्छ होतं. बहुतेकांचा प्रयत्न फसतो तो एकाच ठिकाणी: क्लोरीनचा एक मोठा डोस देऊन ते थांबतात. शेवाळ मरेपर्यंत क्लोरीन ठरावीक पातळीवर टिकवून धरावं लागतं. खरं काम तेच आहे.

त्याआधी पूल बंद करा. हे औपचारिकतेसाठी सांगत नाही. तळ दिसत नसलेल्या पाण्यात कोणी बुडालं, तर काठावर उभ्या माणसालाही ते कळत नाही. फाटकाला कुलूप लावा, मुलांना स्पष्ट सांगा आणि तळ लख्ख दिसेपर्यंत कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.

आधी खात्री करा: हे शेवाळच आहे ना?

पांढऱ्या बादलीत पुलाचं पाणी घ्या. पाणी गढूळ असेल, भिंतीला हात लावल्यावर बुळबुळीत लागत असेल आणि ब्रश फिरवल्यावर हिरवा ढग सुटत असेल, तर ते शेवाळ. पण पाणी आरपार दिसतंय आणि रंग मात्र हिरवट आहे, असं असेल तर बहुधा पाण्यात तांबं उतरलेलं असतं. तांबेयुक्त शेवाळनाशकातून किंवा हीटरच्या झिजलेल्या नळ्यांमधून ते येतं. त्यावर क्लोरीनचा मारा करून उपयोग नाही, उलट डाग पडण्याचा धोका असतो. तिथे धातू बांधून ठेवणारं रसायन लागतं. पुढची कृती शेवाळासाठी आहे.

कचरा काढा

जाळीने पानं, काड्या, तळाचा लगदा जमेल तितका बाहेर काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. कुजणारं प्रत्येक पान क्लोरीन खातं, म्हणजे तुम्ही शेवाळासाठी टाकलेलं क्लोरीन पानं संपवण्यातच खर्ची पडतं. तळ दिसत नसेल तर खोल पिशवीची जाळी तळावरून हळूहळू ओढा. स्किमरची (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) टोपली आणि पंपाची जाळीही रिकामी करा.

तीन आकडे मोजा

पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप), मुक्त क्लोरीन (अजून खर्ची न पडलेलं, कामाला मोकळं असलेलं क्लोरीन) आणि स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्युरिक ॲसिड. हिरव्या पुलात मुक्त क्लोरीन बहुधा शून्याच्या आसपासच निघेल, त्यात नवल नाही.

पीएच 7.2 च्या जवळ आणा. जास्त असेल तर पुलासाठी मिळणारं ॲसिड थोडं थोडं, पंप चालू ठेवून टाका. क्लोरीनच्या आधीच हे करायचं, कारण पीएच चढला की क्लोरीनचा जंतुनाशक भाग झपाट्याने घटतो. दुसरं असं, की क्लोरीन 10 पीपीएमच्या (दहा लाख भाग पाण्यात 10 भाग) वर गेलं की पीएचची चाचणी भरवशाची राहत नाही.

स्टॅबिलायझरचा आकडा सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. उन्हातली अतिनील किरणं क्लोरीन तोडतात, आणि स्टॅबिलायझर त्यापासून त्याला वाचवतं. ते अजिबात नसेल तर कडक उन्हात काही तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. पण तेच स्टॅबिलायझर क्लोरीनला धरूनही ठेवतं आणि त्याचा मारा बोथट करतं. त्यामुळे स्टॅबिलायझर जितकं जास्त, तितकं क्लोरीनही जास्त लागतं. शेवाळ मारण्यासाठी मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साधारण 40 टक्के ठेवावं लागतं. स्टॅबिलायझर 30 पीपीएम असेल तर क्लोरीन 12, 50 असेल तर 20.

वर्षभर गोळ्यांवर चालवलेल्या पुलात हा आकडा 100 च्याही पुढे गेलेला असतो, कारण ट्रायक्लोर गोळीतून क्लोरीनबरोबर स्टॅबिलायझरही येतं. क्लोरीन वापरलं जातं, स्टॅबिलायझर मागे साठत राहतं. दर 10 पीपीएम क्लोरीनमागे ते सुमारे 6 पीपीएमने वाढतं. आकडा 80 किंवा 100 निघाला, तर थोडं पाणी बदलण्याला पर्याय नाही. अर्धं पाणी बदललं की स्टॅबिलायझर अर्धं होतं. एकदम न उपसता टप्प्याटप्प्याने काढा आणि भरा.

क्लोरीन किती आणि कोणतं?

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि 1000 ने गुणा, म्हणजे लिटर मिळतील. 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल पुलात 44,800 लिटर पाणी मावतं. 45,000 धरू. दर 10,000 लिटरमध्ये 1 पीपीएम वाढवायला 10 ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागतं, म्हणजे या पुलाला दर पीपीएममागे 45 ग्रॅम. शून्यापासून 12 पर्यंत जायचं तर 540 ग्रॅम. 10 टक्क्यांचं द्रव क्लोरीन (सोडियम हायपोक्लोराइट) असेल तर साधारण 5.4 लिटर, 65 टक्क्यांचे कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे असतील तर सुमारे 830 ग्रॅम.

या कामासाठी मी द्रव क्लोरीनच निवडेन. ते स्टॅबिलायझरही वाढवत नाही आणि कॅल्शियमही. मात्र ते ताजं हवं. उष्णतेत आणि साठवणुकीत त्याची ताकद कमी होत जाते, त्यामुळे जुना कॅन दिसायला भरलेला असला तरी निम्म्या जोराचा असू शकतो. पाण्याचा कॅल्शियम आधीच जास्त असेल तर दाणे टाळा. गोळ्या या कामाला वापरूच नका, स्टॅबिलायझर आणखी वाढेल.

रसायनं हाताळताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. क्लोरीन आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकमेकांत मिसळले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. म्हणून दोन रसायनांना एकच मग, एकच बादली वापरायची नाही. दाणे विरघळवायचे असतील तर पाण्यात दाणे टाका, दाण्यांवर पाणी कधीही ओतू नका.

टाका, घासा, मोजा, पुन्हा टाका

सुरुवात संध्याकाळी करा, म्हणजे ऊन आडवं येणार नाही. पंप चालू ठेवून, फिल्टरमधून पाणी परत येतं त्या तोंडासमोर क्लोरीन हळूहळू ओता. मग लगेच ब्रश घ्या आणि भिंती, पायऱ्या, कोपरे, तळ, सगळं घासा. शेवाळावर एक चिकट थर असतो. तो ब्रशने फोडला नाही तर आतपर्यंत क्लोरीन पोचत नाही. दाणे वापरत असाल आणि अस्तर व्हायनिलचं असेल तर आधी बादलीत विरघळवा, तळाला बसलेला दाणा अस्तराचा रंग उडवतो.

तासाभराने मोजा. आकडा 12 वरून 4 वर आलेला दिसला तर घाबरू नका, क्लोरीन कामाला लागलंय एवढाच त्याचा अर्थ. लगेच पुन्हा 12 वर न्या. पहिल्या दिवशी हे तीन-चार वेळा करावं लागेल. इथेच बहुतेक जण सोडून देतात, आणि रात्रीतून उरलेलं शेवाळ पुन्हा जोम धरतं.

मोजताना एक फसवणूक लक्षात ठेवा. गुलाबी रंगाच्या डीपीडी चाचणीत क्लोरीन फार जास्त असेल तर रंग क्षणभर चमकतो आणि लगेच पांढरा पडतो. पाहणाऱ्याला वाटतं क्लोरीन शून्य आहे. शंका आली तर एक भाग पुलाचं पाणी आणि चार भाग क्लोरीन नसलेलं स्वच्छ पाणी मिसळून मोजा आणि येणारा आकडा 5 ने गुणा. पावडर टाकून थेंब मोजण्याची चाचणी मिळाली तर ती सगळ्यात उत्तम, कारण ती जास्त क्लोरीनही नीट मोजते.

फिल्टर थांबवू नका

पाणी स्वच्छ होईपर्यंत पंप चोवीस तास चालू राहू द्या. क्लोरीन शेवाळ मारतं, पण मेलेलं शेवाळ पाण्याबाहेर काढतो तो फिल्टर. स्वच्छ फिल्टरवरचा दाब लिहून ठेवा. त्यापेक्षा दाब 25 टक्क्यांनी वाढला की वाळूचा फिल्टर बॅकवॉश करा (पाणी उलट दिशेने सोडून धुवा), कार्ट्रिज असेल तर काढून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. सुरुवातीला हे दिवसातून दोन-तीनदा करावं लागलं तरी ते चांगलंच लक्षण आहे. क्लोरीनयुक्त बॅकवॉशचं पाणी झाडांना, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका.

रंग हिरव्यावरून फिकट हिरवा, मग राखाडी किंवा दुधाळ निळा होत जाईल. दुधाळ पाणी म्हणजे शेवाळ मेलं, आता फिल्टरचं काम उरलं. घाई असेल तर तुरटी किंवा तत्सम फ्लॉक टाकून गाळ तळाला बसवता येतो, पण तेव्हा पंप बंद ठेवावा लागतो आणि तो गाळ फिल्टरमधून न नेता थेट बाहेर व्हॅक्युम करावा लागतो. कार्ट्रिज फिल्टर असेल तर या वाटेला जाऊ नका. फिकट हिरव्या पुलाला साधारण दोन-तीन दिवस, गर्द हिरव्याला आठवडा किंवा जास्त लागतो.

काम झालं हे कसं ओळखायचं?

पाणी निळं दिसणं पुरेसं नाही. सूर्य मावळल्यावर, पंप चालू असताना मुक्त क्लोरीन मोजा. पहाटे ऊन पडायच्या आधी पुन्हा मोजा. मधे क्लोरीन टाकायचं नाही. रात्रभरात घट 1 पीपीएमपेक्षा जास्त नसेल, संयुक्त क्लोरीन (घाणीशी जोडलं गेलेलं, वापरलेलं क्लोरीन) 0.5 पीपीएमच्या आत असेल आणि तळाचं नाणं स्पष्ट दिसत असेल, तरच थांबा. घट जास्त निघाली तर शेवाळ कुठेतरी दडलंय. पाण्याखालच्या दिव्याच्या मागे, शिडीच्या पोकळ नळ्यांत, स्किमरच्या झडपेखाली, तळाच्या जाळीवर, अस्तराच्या सुरकुत्यांत शोधा. दिव्याची वीज मेनपासून बंद करूनच तो काढा. मागची पोकळी ब्रशने घासल्यावर हिरवट लगदा बाहेर येताना अनेकदा दिसतो.

यानंतर क्लोरीन आपोआप उतरू द्या. स्टॅबिलायझर 30 ते 50 च्या दरम्यान आणि पीएच 7.2 ते 7.6 ठेवा. रोजचं मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या 7-8 टक्क्यांखाली जाऊ देऊ नका, म्हणजे 40 स्टॅबिलायझरला 3 च्या खाली नको. उष्ण दिवसांत रोज आणि इतर वेळी एक दिवसाआड मोजा, आणि आठवड्यातून एकदा भिंती घासा. तांबेयुक्त शेवाळनाशकाची गरज मला तरी दिसत नाही. क्लोरीन नीट असेल तर शेवाळ धरतच नाही, आणि तांब्याने केस हिरवे होतात, भिंतीला डाग पडतात.