लिट्टेवर नोंद लिहिताय? या चुका टाळा

एका कोशासाठी आलेल्या नोंदी मी तपासतो. श्रीलंकेतल्या यादवीवर, त्यातही स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढलेल्या लिट्टे या सशस्त्र संघटनेवर लिहायला उत्साही माणसं पुष्कळ असतात. दोन आठवड्यांत नोंद माझ्या टेबलावर येते आणि ती निस्तरण्यात माझे दोन महिने जातात. चुका मात्र त्याच त्याच. नवीन चूक कुणी केली असती तर निदान वाचायला मजा तरी आली असती.

आकड्याची शेपटी कापणं

ही माझी दुखरी नस. एका होतकरू लेखकाने लिहिलं होतं, ‘युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात ४०,००० नागरिक ठार झाले, असे संयुक्त राष्ट्रांनी म्हटले आहे.’ खाली सात संदर्भ. मी विचारलं, मूळ अहवाल उघडलास का? तर म्हणाला, ‘सर, सात ठिकाणी आलंय की!’

मग दोघं बसलो आणि एकेक धागा सोडवला. सातपैकी चार बातम्या एकाच वृत्तसंस्थेच्या मजकुरावरून उचललेल्या. दोन लेख त्या बातम्यांवर बेतलेले, आणि सातवा त्या दोन लेखांवर. साक्षीदार एकच, कपडे बदलून सात वेळा आलेला. मूळ कागद म्हणजे सरचिटणीसांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा २०११ चा अहवाल. त्यात म्हटलंय की, ४०,००० पर्यंत नागरिक मारले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही. ‘पर्यंत’ गळलं, ‘नाकारता येत नाही’ गळलं, आणि समितीने कधीच न केलेलं ठाम विधान तिच्या नावावर चढलं.

गंमत पुढेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्याच श्रीलंकेतल्या पथकाची १३ मे २००९ पर्यंतची मोजणी ७,७२१ मृतांची होती. २०१२ च्या त्यांच्या अंतर्गत आढाव्यात ७०,००० हून अधिक माणसांचा हिशेब लागत नसल्याचा उल्लेख आहे. हे मी त्याला सांगितलं, तर पुढच्या मसुद्यात ‘७०,००० ठार’! हिशेब न लागणं म्हणजे मृत्यू नव्हे, हे लिहून द्यावं लागलं. ‘संयुक्त राष्ट्रांचा आकडा’ असं काही नसतंच. एका संस्थेचे तीन आकडे, तिन्ही वेगळ्या गोष्टींचे. मी वहीत आकडा उतरवताना शेजारी तीन गोष्टी लिहितो: कुणी मोजलं, कुठल्या तारखेपर्यंत, आणि मूळ वाक्यातलं क्रियापद. ही पद्धत वेळखाऊ आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी दुसरा विषय घ्यावा.

मधोमध उभं राहिलं की तटस्थता आली, हा समज

सरकारची दोन वाक्यं, लिट्टेची दोन वाक्यं, झालं काम. असं नसतं. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारच्या सांगण्यावरून संयुक्त राष्ट्रांचे आंतरराष्ट्रीय कर्मचारी वन्नीतून, म्हणजे उत्तरेतल्या लिट्टेच्या ताब्यातल्या भागातून, बाहेर पडले. स्वतंत्र पत्रकारांना तिथे मज्जाव होता. आतली माहिती येणार कुठून? मुख्यतः संरक्षण मंत्रालयाकडून, लिट्टेच्या बाजूच्या माध्यमांकडून, किंवा आत अडकलेल्या सरकारी डॉक्टरांकडून. हे डॉक्टर जखमींचे आणि मृतांचे आकडे देत होते. जुलै २००९ मध्ये, ताब्यात असताना, त्याच डॉक्टरांनी पत्रकारांपुढे सांगितलं की लिट्टेच्या दबावाखाली आपण आकडे फुगवले.

याच प्रसंगावर दोघा लेखकांची जुंपली होती. एकाने पहिले आकडे वेदवाक्य मानले, दुसऱ्याने ‘डॉक्टरांचा खोटेपणा उघड’ असं ठोकून दिलं. तीन आठवडे पत्रापत्री. पहिलं विधान लिट्टेच्या ताब्यातल्या भागातून आलं आणि दुसरं सरकारच्या कोठडीतून, एवढं दोघांनाही लिहावंसं वाटलं नाही! शेवटी मीच दोन वाक्यं घातली: कोण, कुठून, कधी बोललं. त्यावर दोघांनी मला पक्षपाती ठरवलं. यातून एक फायदा झाला. आता असा तंटा आला की मी आधी दोघांकडेही पृष्ठक्रमांक मागतो. निम्मे तंटे तिथेच मिटतात.

२०११ च्या त्याच अहवालाचं आणखी एक होतं. सरकारने ‘नो फायर झोन’ (नागरिकांसाठी सुरक्षित म्हणून स्वतःच जाहीर केलेला भाग) आणि रुग्णालयांवर मारा केल्याचे आरोप विश्वासार्ह असल्याचं तो म्हणतो. लिट्टेने नागरिकांना ढालीसारखं धरून ठेवलं, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, मुलांना जबरदस्तीने भरती केलं, हेही तोच म्हणतो. पण लोक सोयीचं अर्धं पान फाडून आणतात.

शब्द कुणाचा ते न सांगणं

‘दहशतवादी’ लिहू की नको, यावर रात्र जागवू नका. भारताने १९९२ मध्ये बंदी घातली, अमेरिकेने १९९७ मध्ये, युरोपीय संघाने २००६ मध्ये यादीत टाकलं. असं लिहिलं की विशेषण ज्याचं त्याच्याकडे राहतं. ‘हुतात्मा’ आणि ‘खात्मा’ हे दोन्ही शब्द मी न विचारता काढतो.

न्यायालयाचे निकाल मात्र मथळ्यावरून लिहू नका. ऑक्टोबर २०१४ मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने लिट्टेला यादीत ठेवण्याचे आदेश रद्द केले. लगेच माझ्याकडे ‘लिट्टे दहशतवादी नाही, न्यायालयाचा निर्वाळा’ असा मसुदा! निकालात तसं काही नाही. सक्षम यंत्रणांच्या निर्णयांऐवजी वृत्तपत्रं आणि इंटरनेटवरची माहिती आधाराला घेतली, हा आक्षेप होता. संघटनेच्या स्वरूपावर आपण मत देत नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. जुलै २०१७ मध्ये अपिलातही रद्दबातलपणा कायम राहिला. थोडक्यात, सात बातम्यांचा ढीग म्हणजे पुरावा नव्हे, हे एका अख्ख्या संघाला कोर्टाकडून ऐकावं लागलं. आमचा तो सात संदर्भांचा लेखक तर नवखाच. राजीव गांधी हत्या खटल्यातही तेच होतं. १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचा दहशतवादी कृत्याचा आरोप टिकू दिला नाही. शिक्षा कायम राहिल्या त्या खुनाच्या कटासाठी.

बाकीच्या, पटापट

‘तमिळांचं म्हणणं’ असं लिहून लिट्टेचं पत्रक देऊ नका. १९८६ मध्ये टेलो या दुसऱ्या तमिळ सशस्त्र संघटनेचे कार्यकर्ते लिट्टेनेच मारले, तेही तमिळच होते.

स्थापना ५ मे १९७६ ची आहे. यादवी पेटली त्या १९८३ पासून सुरुवात करणं हा आळस आहे.

‘मारले गेले’ वर वाक्य संपवू नका. ३ ऑगस्ट १९९० ला पूर्व श्रीलंकेतल्या कात्तनकुडीच्या मशिदींमध्ये शंभराहून अधिक लोक नमाज पढताना मारले गेले. वाचलेल्यांनी आणि सरकारने लिट्टेला जबाबदार धरलं, लिट्टेने नाकारलं. सगळं लिहा.

इन्काराचीही तारीख टाका. मे २००९ मध्ये लिट्टेचा प्रमुख प्रभाकरन जिवंत असल्याचं आधी संघटनेचे परदेशातले प्रवक्ते पद्मनाथन यांनीच सांगितलं आणि २४ मे रोजी मृत्यूची कबुलीही त्यांनीच दिली. बोलणाऱ्याच्या स्वतःच्याच बाजूला अडचणीचं ठरणारं विधान मी जास्त वजनाचं धरतो.

आणि नोंदीच्या तळाशी ‘वाद’ नावाचं कपाट उघडून अडचणीचं सगळं त्यात कोंबू नका. ऑक्टोबर १९९० मध्ये लिट्टेने उत्तर प्रांतातल्या हजारो मुस्लिमांना घरदार सोडायला लावलं. त्याला ‘वाद’ म्हणून शेवटी ढकललेलं दिसलं की मी तो परिच्छेद कापून १९९० च्या जागी नेऊन चिकटवतो.