सकाळच्या गारठ्यात गाडी मिसिंग मारते तेव्हा

सकाळी गाडी थरथरते, मिसिंग मारते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), गेटमधून बाहेर काढेपर्यंत दोनदा बंद पडते. आणि दुपारी गॅरेजला आणली की एकदम ठणठणीत. डिसेंबर-जानेवारीत ही तक्रार माझ्याकडे रोजची. गरम इंजिनात थंडीतला दोष दिसत नाही. मग अंदाजपंचे काम सुरू होतं. प्लग बदला, कॉइल बदला, इंजेक्टर साफ करा. पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा तशीच. म्हणून माझा आग्रह असतो की गाडी रात्रभर उघड्यावर उभी ठेवा आणि सकाळी सेल्फ मारायच्या आधीच तपासायला लागा. सेल्फ मारल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात मिनिटांत जे कळतं ते नंतर दिवसभर कळत नाही.

आमच्या परभणीत मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर असतो आणि थंडीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तोच ५-६ अंशांवर येतो. गाडीला हे दोन्ही सोसावं लागतं. उन्हाळ्याने रबरी पाईप कडक होतात, बॅटरी आतून खंगते, पण तेव्हा काही जाणवत नाही. गारठा पडला की सगळं उघडं पडतं. थंडीचं दुखणं बऱ्याचदा उन्हाळ्याने दिलेलं असतं, हे डोक्यात ठेवून तपासा.

आधी एक गोष्ट नक्की करा. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते दाखवणारा काटा नाचतोय की नुसती गाडी हलतेय? थंड पेट्रोल इंजिन चालू केल्यावर आरपीएम ११०० ते १५०० च्या आसपास राहतो आणि इंजिन तापेल तसा ७००-८५० वर येऊन स्थिरावतो. ही कंपनीचीच रचना आहे, दोष नाही. काटा स्थिर आहे आणि स्टिअरिंग, सीट थरथरतेय, तर इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार बघा. थंडीत त्यांचं रबर ताठ होतं. अल्टो, टियागो अशा तीन सिलिंडरच्या गाड्यांत थोडी थरथर मुळातच असते, तिच्यामागे लागू नका. काटा वरखाली होतो, मध्येच गचका बसतो, सायलेन्सरचा आवाज तुटक येतो, तेव्हाच पुढचं वाचा.

सेल्फ मारण्याआधी बोनेट उघडा आणि टॉर्च घेऊन आत बघा. सोयाबीन निघालं, तुरी काढल्या की शेतातले उंदीर ऊब शोधत इंजिनात येतात, आणि इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारणाऱ्या पार्टच्या) बारीक वायरी त्यांना फार आवडतात. इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली लेंड्या, गवताच्या काड्या, कुरतडलेलं फोम दिसलं तर प्रत्येक वायर बोटांनी चाचपत जा. अर्धवट कुरतडलेली वायर दवाने ओली झाली की सकाळी मिसिंग देते आणि ऊन लागून वाळली की बरी होते. हा दोष स्कॅनरपेक्षा बोटांना लवकर सापडतो.

मल्टीमीटर असेल तर बॅटरीचा व्होल्ट घ्या. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या जवळपास हवा. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि गाडी चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवा. हे आकडे पडलेले असतील तर आधी बॅटरी, टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी बघा. व्होल्टेज कमी असताना स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही गडबडतात, मग इंजिनात शोधून काही हाती लागत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती तपासणी, आणि तिला फार पैसेही लागत नाहीत. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायचा सॉकेट असतो. त्यात बसणारा साधा ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलला जोडा, चावी ऑन करा, पण गाडी चालू करू नका. कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, हे दोन आकडे वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे आणि बाहेरच्या हवेइतके हवेत. बाहेर ८ अंश आहे आणि कूलंट ४० दाखवतोय, तर कॉम्प्युटरला वाटतं इंजिन गरमच आहे. तो पेट्रोल कमी सोडतो आणि थंड इंजिन उपाशी राहून गचके खातं. उलट कनेक्टर गंजून कूलंटचा सेन्सर उणे २० दाखवत असेल तर पेट्रोल जास्त जातं, काळा धूर येतो, प्लग ओले होतात. दुपारी गाडी गरम असताना हा सेन्सर बरोबर आकडा दाखवू शकतो, म्हणून सकाळीच बघायचं. मल्टीमीटरने बघणार असाल तर बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-तीन हजार ओम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास येतो.

आपल्या भागात हा सेन्सर खराब होण्याचं कारण ठरलेलं आहे. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओततात. त्या पाण्यातला क्षार सेन्सरवर थर धरतो. आणखी एक खोड म्हणजे उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह काढूनच टाकायचा. असं करू नका हो. थर्मोस्टॅट नसला की थंडीत इंजिन ८०-९० अंशांपर्यंत पोचायला फार वेळ घेतं, कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो, आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचं चालणं) चढं राहतं आणि ॲव्हरेज पडतं. गाडी उन्हाळ्यात तापत असेल तर रेडिएटर आणि फॅनचं काम करा. थर्मोस्टॅटच अडकला असेल तर नवा बसवा, पण काढून टाकू नका.

हे सगळं ठीक निघालं की सेल्फ मारा आणि बोनेटपाशी कान देऊन उभे राहा. बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो का? म्हणजे इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतंय. थंड इंजिनात सायलेन्सरकडच्या धुराचा ऑक्सिजन मोजणारा सेन्सर अजून तापलेला नसतो, त्यामुळे ही जादा हवा कॉम्प्युटरला कळत नाही आणि तो पेट्रोल वाढवत नाही. सेन्सर तापला की तो ती भरून काढतो. सकाळी खराब आणि नंतर बरी, याचं हे मोठं कारण.

गेल्या थंडीत जिंतूरकडचे एक गुरुजी गाडी घेऊन आले. दुसरीकडे चारही प्लग आणि दोन कॉइल बदलून झालेल्या. म्हणाले, “मिस्त्री, आता इंजिनच उतरवा म्हणतेत, काय करू?” मी म्हटलं, “गुरुजी, काही उतरवू नका, आज गाडी इथंच राहू द्या.” सकाळी ब्रेक बूस्टरकडे (ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याकडे) जाणारा जाड पाईप मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) टोकाशी हाताने वाकवला, तर क्लिपच्या मागे नखाएवढी चीर उघडली. रबर लाकडासारखं कडक झालेलं. चिरेवर बोट दाबलं की काटा खाली येऊन स्थिर, बोट काढलं की पुन्हा नाच. इंजिन तापल्यावर रबर मऊ पडून तीच चीर मिटत होती. दुपारी कुणी कितीही बघितलं असतं तरी सापडली नसती. नवा पाईप आणि दोन क्लिप, एवढंच काम निघालं.

म्हणून पाईप नुसते डोळ्यांनी बघू नका, टोकांशी वाकवून बघा. बूस्टरचा पाईप, पीसीव्हीचा (इंजिनातला वाफारा परत ओढणारा) पाईप, एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतची (हवा कमीजास्त करणाऱ्या पडद्यापर्यंतची) घडीची नळी, मॅनिफोल्डचं गॅस्केट, या क्रमाने. काही जण कार्ब क्लीनर फवारून गळती शोधतात. गरम सायलेन्सरवर त्याचा भडका होतो, तेव्हा घरी ते करू नका. स्कॅनर असला तर इंजिन तापल्यावर फ्यूल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते बघा. आयडलिंगला अधिक दहा-पंधरा टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ, म्हणजे हवेची गळती. रेस दिल्यावरही ट्रिम वरच राहिला किंवा वाढला, तर पेट्रोलच कमी पोचतंय, फिल्टर आणि पंप बघा.

स्कॅनरवर दोषाचा कोड आला असेल तर तो लिहून ठेवा, पुसू नका. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिस होतोय, पी०३०२ म्हणजे दुसरा, असं पुढे. कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे, शोधायची जागा. त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला स्पार्क देणारा पार्ट) शेजारच्यावर लावा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल गेली, जागेवर राहिलं तर प्लग किंवा इंजेक्टर. कोड नसेल तर चालू गाडीत एकेका इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढा. ज्याने इंजिनाला फरकच पडत नाही तो सिलिंडर मेलेला. चालू गाडीत कॉइल काढून बघायची जुनी सवय सोडा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो पार्ट महागडा आहे.

थ्रॉटल बॉडीच्या पडद्याभोवती काळा थर असेल तर क्लीनर कापडावर घेऊन पुसा. चावी ऑन असताना तो पडदा बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, त्याची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते. एअर फिल्टर तर थंडीत नक्की काढून बघा. कापसाच्या गाड्या आणि जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणारी गाडी असेल तर फिल्टरवर पिंजलेल्या कापसाची गादीच मिळते.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. गाडी सकाळी पेट्रोलवर चालू होते आणि थोडी तापली की गॅसवर जाते. पुष्कळ जण टाकीत काटा हलण्यापुरतंच पेट्रोल ठेवतात आणि ते महिनोन्‌महिने पडून राहतं. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते हवेतला ओलावा धरतं. सकाळी पेट्रोलवर खराब आणि गॅसवर गेल्याबरोबर गुळगुळीत चालली, तर इंजिनाला हात लावण्याआधी ताजं पेट्रोल भरा आणि रोज दोन-चार किलोमीटर पेट्रोलवर चालवा. नुसतं गॅसवरच मिसिंग असेल तर आधी प्लग बघा, कारण गॅस पेटवायला स्पार्क जास्त ताकदीचा लागतो.

घरी ट्रॅक्टरचं ऑइल शिल्लक आहे म्हणून कारमध्ये ओतू नका. पुस्तकात ५डब्ल्यू-३० लिहिलंय तिथे २०डब्ल्यू-५० घातलं तर थंडीत ते मधासारखं घट्ट राहतं आणि इंजिन आयडलिंगलाच दमतं.

डिझेल गाडी सकाळी पांढरा धूर सोडत थरथरत असेल आणि मिनिटभरात सुधारत असेल तर ग्लो प्लग, म्हणजे थंड सिलिंडर आधी तापवणारे प्लग तपासा. वायर काढून ओम मोजा, चांगला प्लग साधारण एक ओम किंवा त्याहून कमी दाखवतो; आकडाच आला नाही तर तो तुटलेला. शेतावरच्या बॅरलमधलं डिझेल भरत असाल तर फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा. बॅरल गारठ्यात आतून ओलं होतं आणि पाणी तळाशी साचतं.

हे सगळं करताना थंडी वाजते म्हणून शटर ओढून घेऊ नका. चालू इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि बंद खोलीत तो जीव घेतो. गाडी अंगणात काढा, शेकोटी लांब ठेवा.

मिस्त्रीकडे जाताना इतकं लिहून न्या: थरथर किती मिनिटांनी थांबते, काटा कुठून कुठे जातो, धुराचा रंग कोणता, सीएनजी असेल तर कोणत्या इंधनावर. काम झाल्यावर गाडी आणखी एक रात्र गॅरेजलाच सोडा आणि सकाळी तुमच्यासमोर थंड इंजिनावर सेल्फ मारायला लावा. बिल त्यानंतर द्या.