मागच्या अंगणात तळं करताय? ओव्हरफ्लोचा पाइप आधी

ओव्हरफ्लोचा पाइप, म्हणजे तळं भरलं की जादा पाणी बाहेर काढणारा. हे सगळ्यात आधी लिहितोय कारण मी हेच विसरलो होतो. बोरिवलीला गावठाणात आमचं बैठं घर आहे, मागे थोडा परस, तिथे दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तळं केलं. लायनर (खड्ड्यात अंथरायचं, पाणी न गळणारं प्लॅस्टिक) चांगला, पंप चांगला, आणि जुलैत एका रात्रीच्या पावसात ते काठावरून वाहिलं, सकाळी अंगणभर चिखल आणि २१ गोल्डफिशपैकी ६ शिल्लक. लेक शाळेच्या गणवेशात बादली घेऊन गटारापाशी शोधत होती. ते बघवत नव्हतं.

तर आता नीट. सुरुवात फेब्रुवारीत करा, मे मध्ये नाही, का ते पुढे येईल. आंब्या-जांभळाखाली नको, पानं कुजून पाणी काळं होतं. चार-पाच तास ऊन पुरे. ड्रेनेजची लाइन कुठून जाते ते कुदळ मारायच्या आधी बघा. आणि पत्र्याच्या पन्हळीचं पाणी पडतं तिथे तर अजिबात नको, अख्ख्या छपराचा पाऊस तळ्यात येईल.

माप आधी कागदावर. आमचं ८ बाय ५ फूट, खोली २ फूट, म्हणजे ८० घनफूट, घनफुटाला साधारण २८ लिटर धरलं की सव्वादोन हजार लिटर. लायनर कापताना लांबी अधिक दोनदा खोली अधिक काठाला दोन फूट, म्हणजे १४ बाय ११. कमी आणलात तर जोड देत बसाल आणि तो गळणारच. खाली खडे वेचून वाळूचा थर, त्यावर जुना फ्लेक्स बॅनर दुमडून टाकला तरी चालतो. काठ जमिनीपेक्षा सहा इंच वर, विटांचा थर देऊन, नाहीतर अंगणातलं गढूळ पाणी सरळ आत.

आणि हा काठ बांधतानाच ओव्हरफ्लो बसवा, नंतर बसत नाही, नंतर लायनर फाडावा लागतो! ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, काठाच्या तीन-चार इंच खाली. अर्ध्या इंचाची नळी चालेल असं प्लंबर म्हणेल, ऐकू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे तीन फुटांच्या वर, आपलं तळं दोन फूट. तोंडाला सपाट जाळी लावू नका, दोन पानं चिकटली की बंद. उभा टी (टी अक्षरासारखा तीन तोंडांचा जोड) लावा, वरचं तोंड पाण्याच्या वर, खालचं पाण्यात, जाळी खालच्या तोंडाला. तरंगणारी पानं बाहेर राहतात आणि वरून हवा येत असल्यामुळे सायफन होऊन पाणी खेचलं जात नाही. दुसरं टोक नारळाच्या आळ्यात सोडा किंवा गटारात, पण गटाराच्या पातळीच्या बरंच वर. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आले की गटारं तुंबतात आणि तेच पाणी पाइपातून उलटं आत येतं. ओव्हरफ्लो ही शेवटी बघू म्हणायची गोष्ट नाही.

फिल्टरला २०० लिटरचा निळा ड्रम. पाणी खालून आत, गाळ तळाला बसतो, वर जाड स्पंज, त्यावर बायोबॉल (प्लॅस्टिकचे छिद्रांचे गोळे) किंवा लाव्हा रॉक, आणि वरून परत तळ्यात. पंप असा की सगळं पाणी दीड-दोन तासांत एकदा फिरेल. खोक्यावरचा लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो, ड्रमपर्यंत चार-पाच फूट चढवताना तो बराच उतरतो, म्हणून थोडा मोठाच घ्या. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात भरपूर प्रकार मिळतात. पंप चोवीस तास चालू, बंद राहिला की माशांच्या घाणीतला अमोनिया संपवणारे स्पंजातले जिवाणू मरतात. स्पंज तळ्याच्याच पाण्यात पिळा, नळाखाली नको, क्लोरीन त्यांनाही मारतं. पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच), यात काटकसर नको, ओले हात आणि लहान मुलं आहेत.

मग धीर. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटीक्लोरीन टाका. फिल्टरमधले जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर अमोनिया साचत राहतो, म्हणून फेब्रुवारी म्हटलं. आधी दोन-चार गप्पी सोडा, डासांच्या अळ्या खातील, साचलेल्या पाण्यात अळ्या सापडल्या तर पालिकेची नोटीस येते. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसलं की मग गोल्डफिश, थोडे थोडे. कोई जातीच्या मोठ्या माशांना दोन फूट पुरत नाही.

बाकी पटापट. वॉटर लिलीची एक-दोन कुंडी. जलपर्णी नको. बगळ्यासाठी वरून जाळं. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि मासे आणायच्या आधी होज लावून तळं मुद्दाम काठापर्यंत भरा आणि पाइपातून बाहेर पाणी पडतंय का ते स्वतः उभं राहून बघा. जूनपासून दर रविवारी टी मधली पानं काढा.